एक माप, एक साल : 'विक्रांत'ची प्रतिकृती

मुलांनो, आपले राळेगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. आपल्याला पाणी माहीत आहे ते विहिरीचे, तळ्याचे आणि वर्धा नदीचे. नांगर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कपाशीच्या शेतातला नांगर येतो. पण मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. जहाज एका जागी थांबवण्यासाठी साखळीला बांधून जो लोखंडी आकडा पाण्यात सोडतात, त्यालाही नांगरच म्हणतात. उर्दूत आपण त्याला लंगर म्हणतो. ज्याने समुद्र पाहिलेला नाही, त्यालाही असे शब्द शिकता येतात. त्याचप्रमाणे जहाजही समजून घेता येते. त्याचा एक चांगला मार्ग म्हणजे जहाजाची प्रतिकृती स्वतःच्या हातांनी तयार करणे.

प्रतिकृती आणि खेळणे यांत फरक आहे. जत्रेत मिळणारी पत्र्याची होडी हे खेळणे आहे. ती दिसायला सुंदर असली की झाले. तिची लांबी किती, रुंदी किती, असे कोणी विचारत नाही. प्रतिकृतीत मात्र मूळ वस्तूचा प्रत्येक भाग एकाच हिशेबाने लहान केलेला असतो. भूगोलाच्या नकाशाच्या कोपऱ्यात उर्दूत 'पैमाना' लिहिलेला असतो. मराठीत त्यालाच 'प्रमाण' म्हणतात. नकाशा प्रमाणावाचून खोटा ठरतो. प्रतिकृतीचेही तसेच आहे.

प्रतिकृती हे केवळ मुलांचे काम आहे असे समजू नका. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली इंग्लंडमधील टॉर्की येथे एक लांब हौद बांधला. त्या हौदात तो मेणाच्या लहान नौका ओढत असे आणि पाणी त्यांना किती अडवते ते मोजत असे. त्यावरून खऱ्या जहाजाला किती जोर लागेल, याचा अंदाज जहाज बांधण्याआधीच करता येऊ लागला. आजही मोठी जहाजे बांधण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृतींची अशी परीक्षा घेतली जाते. आपल्या देशात राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल विभागातील मुले-मुली जहाजांच्या प्रतिकृती करायला शिकतात. त्यांच्या स्पर्धाही होतात.

आता आपण कोणत्या जहाजाची प्रतिकृती करायची ते ठरवू. आपण 'विक्रांत' निवडू. ती भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. विमानवाहू म्हणजे विमाने वाहून नेणारी. तिच्या सपाट छतावरून विमाने उडत आणि पुन्हा तेथेच उतरत. हे जहाज १९४३ साली इंग्लंडमध्ये बांधायला घेतले होते. तेव्हा त्याचे नाव 'हर्क्युलिस' असे होते. १९४५ साली ते पाण्यात सोडले, पण महायुद्ध संपल्यामुळे पुढचे काम थांबले. १९५७ साली भारताने ते विकत घेतले. बेलफास्ट येथे ते पूर्ण झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात ते मुंबईला आले.

१९७१ सालच्या युद्धात 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात होती. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. त्यामुळे तिला पूर्ण वेगाने धावता येत नव्हते. तरीही ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून उडालेल्या विमानांनी आजच्या बांगलादेशातील कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. त्यानंतर काही वर्षे मुंबईत ती तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांच्या सहली ती पाहायला जात.

पण जुने जहाज पाण्यात उभे ठेवणे सोपे नसते. लोखंड गंजते, तळ झिजतो, दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. २०१२ साली धोका ओळखून संग्रहालय बंद केले गेले. जहाज मोडू नये म्हणून काही लोक न्यायालयात गेले, पण त्यांना यश आले नाही. २०१४ साली ते मोडायला सुरुवात झाली. त्याचे काही पोलाद वितळवून बजाज कंपनीने २०१६ साली 'व्ही' नावाची मोटारसायकल काढली. ती मोटारसायकल तुम्ही रस्त्यावर पाहिलीही असेल. सर्वच जहाजांच्या नशिबी असे मोडणे नसते. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानी लाकडाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली होती. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहायला मिळते. 'विक्रांत' मात्र आता कोणालाही पाहता येणार नाही. तिची मापे आणि छायाचित्रे तेवढी उरली आहेत. म्हणूनच तिची प्रतिकृती करणाऱ्यावर एक जबाबदारी येते. तुमची प्रतिकृती पाहणारा लहान मुलगा 'विक्रांत अशी होती' असे समजून घरी जाईल. तुम्ही चुकीचे दाखवले, तर मूळ जहाजाशी ताडून पाहण्याची सोय त्याच्याजवळ नाही.

यासाठी दोन नियम पाळायचे. पहिला नियम, साल एकच असावे. जहाज छत्तीस वर्षे काम करते, तेव्हा ते सगळी वर्षे सारखेच दिसत नाही. १९७१ साली 'विक्रांत'चे छत पुढच्या टोकापर्यंत सपाट होते. पुढे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सी हॅरियर विमानांसाठी तिचे पुढचे टोक घसरगुंडीसारखे वर चढते केले. आता एखाद्याने चढते टोक दाखवले आणि त्यावर १९७१ सालची विमाने ठेवली, तर असे जहाज कधी अस्तित्वातच नव्हते. ध्वजाचेही तसेच आहे. १९७१ साली नौदलाच्या ध्वजावर पांढऱ्या रंगात लाल क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा होता. आजच्या ध्वजावर असलेले अष्टकोनी चिन्ह २०२२ साली आले. आपण १९७१ हे साल घेऊ. म्हणजे सपाट छत, लाल क्रॉसचा ध्वज आणि सी हॉक व अलिझे ही विमाने.

दुसरा नियम, माप एकच असावे. आपण १:५०० हे प्रमाण घेऊ. म्हणजे खऱ्या जहाजावरील ५०० मीटर आपल्याकडे एक मीटर होतील. लक्षात ठेवायला सोपे असे की, खरा अर्धा मीटर म्हणजे आपला एक मिलिमीटर. 'विक्रांत' सुमारे २१३ मीटर लांब होती. क्रिकेटच्या दहा खेळपट्ट्या एकीपुढे एक मांडल्या, तरी तिच्यावर थोडी जागा उरली असती. २१३ मीटरला ५०० ने भागले की ४२.६ सेंटिमीटर येतात. तिची सर्वांत जास्त रुंदी ३९ मीटर होती. ती ७.८ सेंटिमीटर होईल. पण ही वरची रुंदी झाली. पाण्याजवळ जहाजाचे शरीर सुमारे २४.४ मीटर रुंद होते, म्हणजे आपले ४.९ सेंटिमीटर. ते पाण्यात सुमारे ७.३ मीटर बुडलेले असे, म्हणजे आपले दीड सेंटिमीटर.

प्रत्येक भागाचे माप पुस्तकात मिळेलच असे नाही. डोलकाठी किती उंच? छत पाण्यापासून किती वर? अशा वेळी छायाचित्र आणि त्रैराशिक कामाला येते. जहाजाच्या अगदी बाजूने घेतलेले चित्र शोधा. तिरक्या कोनातून घेतलेले चित्र चालत नाही, कारण त्यात जवळचा भाग मोठा आणि दूरचा भाग लहान दिसतो. समजा, चित्रात जहाजाची लांबी १४.२ सेंटिमीटर भरली. आपली प्रतिकृती ४२.६ सेंटिमीटर आहे, म्हणजे चित्राच्या बरोबर तिप्पट. आता त्या चित्रातील कोणतीही उंची पट्टीने मोजा आणि तिला तीनने गुणा. गणिताच्या तासाला शिकलेले त्रैराशिक असे जहाज बांधायला उपयोगी पडते. मात्र असे काढलेले माप अंदाजाचे आहे, हे वहीत लिहून ठेवा. त्याचे कारण पुढे सांगेन.

साहित्य राळेगावातच मिळते. वहीचा जाड पुठ्ठा, लग्नाच्या दावतनाम्यांची कार्डे, वर्तमानपत्राचा कागद, फेविकॉल, काचकागद, मेणबत्ती आणि ऑइल पेंट एवढे पुरे. पुठ्ठा कापताना घरातील मोठे माणूस, म्हणजे अब्बा, मोठे भाऊ किंवा आपा, जवळ असू द्या. पट्टी लोखंडी घ्या. प्लॅस्टिकच्या पट्टीत पाते रुतते आणि रेघ वाकडी होते.

आधी कणा कापा. आपल्या पाठीला कणा असतो, तसा जहाजाच्या तळाशी पुढून मागे जाणारा एक कणा असतो. मग फासळ्या कापा. साधारण तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर एक फासळी बसवली, की बारा फासळ्या पुरतात. सगळ्या फासळ्या सारख्या नसतात. मधल्या फासळ्या पसरट असतात आणि त्यांचा तळ जवळजवळ सपाट असतो. पुढच्या टोकाकडील फासळ्या अरुंद होत जातात, कारण पाणी कापायला टोक निमुळते लागते. कण्यात आणि फासळ्यांत अर्ध्या-अर्ध्या खाचा पाडा आणि त्या एकमेकींत अडकवा. हा सांगाडा सरळ आहे की पिळलेला आहे, ते समोरून एक डोळा मिटून पाहा. सांगाडा पिळलेला असेल तर तेथेच दुरुस्त करा. वरून कागद चढल्यावर तो पीळ निघत नाही.

सांगाड्यावर कार्डाच्या पट्ट्या चिकटवा. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा दोन बाजूंना वळत नाही. म्हणून टोकाजवळ पट्ट्या अरुंद घ्या. त्यावर वर्तमानपत्राच्या कागदाचे दोन थर द्या. फटी राहिल्या तर खडूची भुकटी फेविकॉलमध्ये कालवून भरा. वाळल्यावर काचकागदाने घासा. शेवटी ऑइल पेंटचे दोन हात द्या, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. आतून वितळलेले मेण लावले तर आणखी चांगले. मेण वितळवण्याचे काम मोठ्यांनाच करू द्या.

आता एक गमतीचा हिशेब पाहा. भरलेल्या 'विक्रांत'चे वजन सुमारे १९,५०० टन होते. आपल्या प्रतिकृतीचे वजन किती असावे? घाईत कोणी म्हणेल, १९,५०० ला ५०० ने भागा. उत्तर ३९ टन येईल! त्रेचाळीस सेंटिमीटरही लांब नसलेल्या पुठ्ठ्याच्या जहाजाचे वजन ३९ टन कसे असेल? चूक कोठे झाली? आपण लांबी ५०० पट कमी केली, तशी रुंदीही ५०० पट कमी केली आणि उंचीही. म्हणून ५०० ने तीन वेळा भागायला हवे. ५०० चा घन साडेबारा कोटी होतो. १९,५०० टन म्हणजे १९५० कोटी ग्रॅम. १९५० कोटींना साडेबारा कोटींनी भागले की १५६ येतात. वीस हजार टनांच्या जहाजाची प्रतिकृती १५६ ग्रॅम! एवढे तर चार-पाच लिंबांचे वजन असते.

हा आकडा केवळ गमतीचा नाही. प्रतिकृतीचे शरीर मापात असेल आणि वजन १५६ ग्रॅमच्या जवळ असेल, तर ती पाण्यात बरोबर दीड सेंटिमीटर बुडेल. अर्किमिडीजचा नियम लहान जहाजालाही लागू असतो. प्रयोगशाळेच्या तराजूत तुमचे जहाज तोला. पुठ्ठ्याचे जहाज बहुधा हलके भरेल. उरलेले वजन लोखंडी नट आणि वायसर तळाशी चिकटवून पूर्ण करा. मग पाण्याने भरलेल्या टबात जहाज सोडा. वजन वरच्या भागात ठेवले तर ते कलंडते. म्हणून जड वस्तू नेहमी खाली, कण्याजवळ ठेवावी. ते एका बाजूला झुकले, तर तळातील एखादा नट दुसऱ्या बाजूला सरकवा. ते रेषेपेक्षा जास्त बुडले, तर कोठेतरी माप चुकले आहे. पाणी कोणाची भीड धरत नाही. मापातली चूक ते लगेच दाखवून देते. ही परीक्षा छत बसवण्याआधीच घ्या, म्हणजे आत हात घालता येतो. मात्र छत, मनोरा आणि विमाने यांचे तुकडे तराजूत जहाजासोबत ठेवायला विसरू नका.

छत म्हणजे विमानांची धावपट्टी. तिच्यावर दोन मोठ्या लिफ्ट होत्या. त्यांतून विमाने पोटातील कोठीतून वर येत. उतरण्याची पट्टी जहाजाच्या सरळ रेषेत नसून थोडी डावीकडे तिरकी होती. त्यामुळे उतरणारे विमान थांबले नाही, तरी ते पुढे उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता पुन्हा उडू शकत असे. उजव्या काठावर मनोरा, धुराडे आणि डोलकाठी होती. छताच्या मध्यावर मनोरा ठेवला असता तर विमानांचा मार्ग अडला असता. प्रत्येक भाग तेथे का आहे, हे विचारत गेलात तर तो चुकीच्या जागी बसणार नाही.

सी हॉक विमान सुमारे १२ मीटर लांब आणि जवळजवळ तेवढेच रुंद होते. आपल्याकडे ते २.४ सेंटिमीटर होईल. अलिझे विमानाचे पंख १५.६ मीटर पसरत. आपल्याकडे ते ३.१ सेंटिमीटर होतील. सी हॉक जेट विमान होते, तर अलिझेच्या नाकावर पंखा होता. दावतनाम्याच्या कार्डातून पंख कापा आणि आगकाडी घासून धड तयार करा. जहाजावर जागा कमी असल्याने या विमानांचे पंख दुमडता येत. दोन-तीन विमानांचे पंख दुमडलेले दाखवा.

यानंतर बारकावे येतात. येथे उत्साहाला लगाम घालावा लागतो. आपले प्रमाण आठवा. १.७ मीटर उंचीचा खलाशी आपल्याकडे ३.४ मिलिमीटरचा होतो. एक मीटर उंचीचा कठडा दोन मिलिमीटरचा होतो. दोन सेंटिमीटर जाडीचा दोर ०.०४ मिलिमीटरचा होतो. तो तर डोक्याच्या केसापेक्षाही बारीक! शिवणकामाचा दोरा दोर म्हणून बांधला, तर तो खऱ्या जहाजावर मांडीएवढा जाड खांब ठरेल. म्हणून जे मापात करता येत नाही, ते सोडून द्यावे. न दाखवलेला दोर खोटे बोलत नाही, जाड दोर बोलतो. तारांसाठी जुन्या नायलॉन साडीतून काढलेला एखादा बारीक धागा चालतो. तोही थोडा जाडच असतो, पण नजरेला खटकत नाही.

रंग राखाडी द्यावा. तो चकचकीत नसावा. खरे जहाज आपण दुरून पाहतो, तेव्हा मधल्या हवेमुळे त्याचा रंग फिका दिसतो. प्रतिकृती मात्र हाताच्या अंतरावर असते. खऱ्या जहाजाचाच गडद रंग तिला दिला, तर ती खेळण्यासारखी दिसते. म्हणून राखाडी रंगात थोडा पांढरा मिसळावा. छताचा रंग बाजूंपेक्षा गडद ठेवावा. पट्टे ओढताना दोन्ही कडांना कागद चिकटवून मध्ये रंग द्यावा, म्हणजे रेघ सरळ येते.

सगळे काम झाल्यावर एक शेवटचे काम उरते. अनेक जण ते विसरतात. प्रतिकृतीच्या पायथ्याशी एक पाटी लावा. तिच्यावर जहाजाचे नाव, साल आणि प्रमाण लिहा. खाली दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत, कोणती मापे पुस्तकातून घेतली. दुसऱ्या ओळीत, कोणती मापे चित्रावरून अंदाजाने काढली. वहीत नोंद ठेवायला सांगितले होते, ते यासाठीच. काही जणांना वाटते की 'अंदाजाने' हा शब्द लिहिला तर आपल्या कामाची किंमत कमी होईल. खरे तर ती वाढते. पाहणाऱ्याला कळते की यातील कोणत्या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवावा आणि कोणती अजून शोधायची आहे. उद्या एखाद्या मुलीला डोलकाठीचे खरे माप सापडले, तर ती तुमची पाटी वाचून नेमकी तीच काठी बदलेल. बाकीचे जहाज तिला पुन्हा मोजावे लागणार नाही.

स्वाध्याय

१. खेळणे आणि प्रतिकृती यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'नांगर' या शब्दाचे दोन्ही अर्थ वापरून दोन वाक्ये तयार करा.
३. कारणे लिहा : (अ) १९७१ च्या 'विक्रांत'वर अष्टकोनी चिन्हाचा ध्वज लावू नये. (आ) प्रतिकृतीचा रंग थोडा फिका ठेवावा.
४. नवी 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. ती २६२ मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. १:५०० प्रमाणात तिची लांबी व रुंदी किती होईल?
५. जुन्या 'विक्रांत'ची प्रतिकृती १:१००० प्रमाणात केली, तर तिचे वजन किती ग्रॅम असावे?
६. तुमच्या शाळेच्या इमारतीची लांबी दोरीने मोजा. वहीच्या एका पानावर मावेल असे प्रमाण ठरवून तिचा आराखडा काढा. कोणती मापे अंदाजाची आहेत, ते खाली लिहा.